रीलोड १.८ सेकंदांवर अडकलाय. सराव नेमका कशाचा करू?

रंकाळ्याचा_नेमबाज (मेलबर्न)

नमस्कार मंडळी,

पिस्तूल सीझेड शॅडो २, ९ मिमी. खेळ आयपीएससी (घड्याळ लावून, जागा बदलत करायची नेमबाजी), त्यातला प्रॉडक्शन प्रकार, पण ऑस्ट्रेलियातल्या कायद्यामुळे मॅगझिनमध्ये १०च गोळ्या. ७ मीटरवर एक टार्गेट लावून दोन गोळ्या, रीलोड (मॅगझिन बदलणं), दोन गोळ्या असा ड्रिल केला की टायमरवर मधला वेळ १.८ ते २.१ येतो. घरी ड्राय सरावात (खऱ्या गोळ्यांशिवाय) पार टाइम (टायमरवर लावलेली वेळमर्यादा) १.३ ठेवला तरी दहातून आठ वेळा जमतं.

अडचणी अशा आहेत:

– चारातून एकदा मॅगझिन मॅगवेलच्या (मुठीतल्या मॅगझिनच्या खाचेच्या) पुढच्या काठावर आपटतं आणि तिथेच अडतं.
– मॅगझिन सोडायच्या बटणापर्यंत अंगठा पुरत नाही, पिस्तूल हातात फिरवून घ्यावं लागतं.
– दोनदा रीलोडनंतरची पहिली गोळी उडाली आणि दुसरीला नुसतं क्लिक. मॅगझिन पायाशी पडलेलं.
– चालताना रीलोड करायला गेलो की पाय आपोआप थांबतात.

रोज २० मिनिटं देऊ शकतो. ती कशी वापरू? रीलोडवर एवढा वेळ घालवणं मुळात फायद्याचं आहे का, हेही सांगा. ‘आधी नेम सुधार’ असं क्लबात बरेच जण म्हणतात.

---

दहा_अधिक_एक (ब्रिस्बेन)

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण आपल्याकडे त्याचं उत्तर इतर देशांपेक्षा वेगळं आहे.

चेंबरमधली (नळीत आधीच चढवलेली) एक धरून पहिल्या मॅगझिनवर आपल्याला ११ गोळ्या मिळतात, पुढच्या प्रत्येकावर १०. आयपीएससीत शॉर्ट कोर्स (म्हणजे स्टेज) जास्तीत जास्त १२ गोळ्यांचा, मिडियम २४, लाँग ३२. आता मोजा. शॉर्टमध्ये ११ पुरत नाहीत, म्हणजे एक रीलोड. मिडियममध्ये २१ पुरत नाहीत, दोन. लाँगमध्ये ११, १० आणि १० मिळून ३१ होतात, एका गोळीसाठी तिसरा रीलोड. ३:२:१ या प्रमाणात १२ स्टेजची मॅच धरली (६ शॉर्ट, ४ मिडियम, २ लाँग) आणि सगळ्या स्टेज पूर्ण भरलेल्या असल्या, तर ६ + ८ + ६ म्हणजे २० रीलोड होतात. तीच मॅच १५ गोळ्यांच्या मॅगझिनने खेळणाऱ्याला ८ रीलोडांत संपवता येते. वर जो नेम चुकेल त्यासाठी लागणाऱ्या जादा गोळ्या वेगळ्या.

शॉर्ट कोर्समध्ये यातले बरेच रीलोड एका जागी उभं राहून करावे लागतात, तिथे प्रत्येक दशांश घड्याळात जातो. १२ गोळ्या, सगळे अल्फा (टार्गेटच्या मधल्या भागात, प्रत्येकी ५ गुण), ६० गुण. ६.० सेकंदांत हिट फॅक्टर (गुण भागिले सेकंद) १०, ५.५ सेकंदांत १०.९. तुमच्या वरचा माणूस फक्त रीलोडमध्ये अर्धा सेकंद पुढे असेल तर ६० स्टेज गुणांपैकी तुम्हाला ५५ मिळतात. तेव्हा क्लबातल्या लोकांचं खरं असलं तरी ते १५ गोळ्यांच्या जगातलं खरं आहे.

आता घरचे १.३ आणि रेंजवरचे १.९. हा फरक हाताच्या वेगाचा नाही. घरी रीलोडची खूण म्हणजे बीप. तुम्ही दबा धरून बसलेले असता. रेंजवर ती खूण तुमचीच दुसरी गोळी असते, आणि ती कुठे लागली हे बघण्यात हात लटकून राहतो. शिवाय घरी तुम्ही ‘पिस्तूल समोर आलं’ इथे रीलोड संपला असं धरता. टायमर तसं धरत नाही. साइट टार्गेटवर बसून गोळी सुटली की त्याचा वेळ संपतो.

म्हणून ड्राय सरावातही सुरुवात ट्रिगर दाबून आणि शेवट ट्रिगर दाबून करा. घोडा चढवा, पिस्तूल टार्गेटवर धरा, बीपला ट्रिगर, रीलोड, पुन्हा ट्रिगर. शॅडोमध्ये दुसऱ्या वेळी घोडा खाली असल्याने लांब डबल ॲक्शन (ट्रिगरनेच घोडा मागे नेणं) ओढावं लागेल, तेवढा वेळ जादा जाईल, जाऊ दे. असं केल्यावर तुमचा घरचा आकडा एकदम १.६–१.७ वर जाईल. खरा आकडा तोच आहे.

त्यानंतर फोनवर २४० फ्रेमचा स्लो मोशन काढा, बाजूने, कमरेपासून डोक्यापर्यंत दिसेल असा. २४ फ्रेम म्हणजे ०.१ सेकंद. चार ठिकाणी फ्रेम मोजा: ट्रिगर ते डावा हात पकडीतून सुटणं, सुटणं ते मॅगझिन पाउचमधून बाहेर, बाहेर ते मॅगझिनचं टोक मॅगवेलच्या तोंडाशी, तोंड ते पुढचा ट्रिगर. लोकांना वाटतं वेळ तिसऱ्या भागात जातो, कारण चूक तिथे दिसते. बहुतेक वेळा तो पहिल्यात आणि चौथ्यात सापडतो.

क्रिया अशी हवी. गोळी सुटता सुटता दोन्ही हात एकदम निघतात. उजवा अंगठा बटणावर, आणि त्याच क्षणी डावा हात सरळ पाउचकडे. रिकामं मॅगझिन पडलं का हे बघत थांबायचं नाही. उजवं कोपर बरगडीच्या दिशेने येतं, पिस्तूल हनुवटी ते नाक या उंचीवर, चेहऱ्यापासून साधारण दीड वीत. मनगट एवढंच वळवायचं की मॅगवेलचं तोंड डाव्या बाजूच्या पाउचकडे बघेल. नळी टार्गेटच्या दिशेला, किंचित वर. डाव्या हाताची तर्जनी मॅगझिनच्या पुढच्या बाजूने सरळ, बोटाचं टोक वरच्या गोळीच्या नाकाशी, तळाची पट्टी तळहातात. आधी मॅगझिनची सपाट पाठ मॅगवेलच्या मागच्या भिंतीला टेकते, मग ते सरळ होऊन वर जातं. तळहाताच्या टाचेने ठोकलं की हात तसाच वर सरकत पकडीत येतो. ठोकून झाल्यावर हात मागे घेऊन पुन्हा आणू नका, त्यात ०.१ सहज जातो.

पुढच्या काठावर आपटण्याबद्दल: यात हात बहुधा निर्दोष असतो. पिस्तूल दर वेळी वेगळ्या जागी येतं आणि हात सवयीच्या जागी जातो. आधी फक्त उजव्या हाताचा सराव करा. ट्रिगर, बटण, पिस्तूल जागेवर, थांबा. मॅगवेलची आतली मागची भिंत दिसतेय का? न दिसल्यास ती फेरी बाद. असं ३० वेळा, मॅगझिन न घालता.

---

पक्का_पुणेकर (पुणे)

एक शंका. पूर्वी शिकवायचे की नजर टार्गेटवरच ठेवायची, मॅगवेलकडे बघायचं नाही. तुम्ही उलट सांगताय.

---

दहा_अधिक_एक (ब्रिस्बेन)

ते स्वसंरक्षणाच्या शिकवणीतून आलं, तिथे समोरचा माणूस हलतो. इथे टार्गेट पुठ्ठ्याचं आहे, ते कुठे जात नाही. मॅगवेलकडे बघायचंच, आणि ‘साधारण तिकडे’ नाही तर मागच्या भिंतीचा एक ठरावीक काठ. मॅगझिन त्या काठाला टेकलं की नजर लगेच पुढच्या टार्गेटवर. मॅगझिन पूर्ण बसेपर्यंत खाली बघत राहणं ही दुसऱ्या टोकाची चूक, तुमच्या चौथ्या भागातला वेळ त्यातच जातो.

पिस्तूल मात्र चेहऱ्यासमोर उंच हवं. पोटाजवळ आणलं की मान खाली जाते आणि टार्गेट पुन्हा शोधावं लागतं.

---

आरओ_काका (पर्थ)

वेगाचं बोलणं चालू आहे ते ठीक, पण ज्या चुकीने माणूस घरी जातो ती आधी सांगतो.

बोट. रीलोड सुरू होण्याआधी ट्रिगर गार्डच्या बाहेर, आणि बाहेर असलेलं दिसलं पाहिजे. आत राहिलं तर मॅचमधून बाद. मॅगझिन ठोकताना पूर्ण हात आवळला जातो आणि बोट आत असेल तर गोळी सुटते. ड्राय सरावात सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथे होतं, कारण काही सुटतच नाही. व्हिडिओ काढताच आहात तर बोटही बघा.

९० अंश, म्हणजे नळी टार्गेटच्या दिशेपासून त्यापलीकडे वळू द्यायची नाही. उजव्या हाताचा माणूस डावीकडे पळत रीलोड करतो तेव्हा धोका. शरीर डावीकडे वळलेलं, कोपर दुमडलं की नळी साहजिकच शरीराच्या डावीकडे वळते, म्हणजे मागच्या लोकांच्या दिशेने. उजवीकडे जाताना तोच कोन सोयीचा पडतो. डावीकडे जाताना खांदे टार्गेटच्या बाजूला ठेवा, कंबरेखालचं शरीरच फक्त वळू द्या, आणि मॅगवेल पाउचकडे वळवण्याचा मोह थोडा कमी करा. मॅगझिन थोडं जास्त अंतर जाईल, जाऊ द्या. डावखुऱ्यांनी हेच उलट वाचावं.

सेफ्टी एरिया. तिथे पिस्तूल हाताळता येतं, गोळ्या नाही, आणि डमी (दारू नसलेल्या, सरावाच्या) गोळ्याही नाहीत. नवीन लोकांचा समज असतो की डमी चालते. चालत नाही, डमी भरलेलं मॅगझिन तिथे हातात घेतलं तरी बाद. रीलोडचा सराव करायचा तर रिकाम्या मॅगझिनवर.

घरी: खोलीत एकही खरी गोळी नको. काडतुसं वेगळ्या कुलपात ठेवणं तिकडे कायद्यानेच आलं, पण रेंजवरून आल्यावर पिशवीत राहिलेल्या मॅगझिनचं काय? सराव सुरू करण्याआधी पाचही मॅगझिन उपसून डमी मोजून भरा. चेंबर डोळ्याने बघा, करंगळी घालून बघा. टार्गेट ज्या भिंतीवर लावाल तिच्यापलीकडे कोणी राहत नाही अशी भिंत निवडा. आणि संपलं की संपलं. मॅगझिन कुलपात गेल्यावर ‘आणखी एकच’ करू नका. घरात अपघात होऊ शकतो तो अशा एकच्याच वेळी.

---

शिवणयंत्र (ऑकलंड)

रंकाळ्याचे, तुमचं पायाशी पडलेलं मॅगझिन. पुढच्या वेळी तसं झालं की त्यातल्या गोळ्या मोजा.

१० निघाल्या तर ते नीट बसलेलंच नव्हतं. चेंबरमधली गोळी उडाली, स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे जाऊन आली, पण तिला वर काही मिळालं नाही. ९ निघाल्या तर बसलं होतं, एक गोळी चेंबरमध्ये गेली, आणि मग तळहाताने किंवा अंगठ्याने बटण दाबलं गेलं. तुम्ही सांगता तसं दुसऱ्यालाच क्लिक असेल तर १०च असणार.

याचं मूळ घरच्या सरावात. रिकामं मॅगझिन बंद स्लाइडखाली बोटाने ढकललं तरी बसतं. भरलेल्या मॅगझिनमधली वरची गोळी स्लाइडच्या तळाला भिडते आणि स्प्रिंग दाबावी लागते. हाताला रिकाम्याचा जोर पाठ झालेला असतो. म्हणून डमी हव्यात, आणि पूर्ण १०.

डमी विकत घेतलेल्या प्लास्टिकच्या असतील तर वजन फारच कमी पडतं. ९ मिमीची १२४ ग्रेनची खरी गोळी सुमारे १२ ग्रॅम, म्हणजे दहांचं वजन १२० ग्रॅमच्या आसपास. हाताला मॅगझिनचं वजन ओळखायचं असतं, ते प्लास्टिकने होत नाही. स्वतः काडतुसं भरणाऱ्या कोणाकडून ५० डमी करून घ्या: प्राइमर नाही, दारू नाही, बुलेट नेहमीच्याच लांबीवर बसवलेली, आणि केसच्या अंगाला आरपार ३ मिमीचं भोक. भोक महत्त्वाचं. रंग घासून जातो, भोक जात नाही, आणि अंधारात बोटालाही लागतं.

आणखी एक तपासा. १० गोळ्या भरल्यावर वरची गोळी अंगठ्याने दाबा. दोन-तीन मिलिमीटर खाली गेली तर ठीक. जेमतेम हलत असेल तर ते मॅगझिन बंद स्लाइडखाली बसायला फार जोर मागणार. १० पर्यंतच बंद केलेल्या काही मॅगझिनांत हे आढळतं. असं मॅगझिन पट्ट्यावर पहिल्या पाउचमध्ये ठेवू नका, किंवा ज्या मॅगझिनने सुरुवात करता ते हे ठेवा, म्हणजे ते सावकाश बसवता येतं.

बटणाबद्दल: शॅडो २ चं बटण लांबवलेलं आहे आणि त्याच्या तीन जागा आहेत. ते काढून दुसऱ्या जागेवर लावून बघा. मात्र सगळ्यात उंच जागेवर लावल्यावर होल्स्टरमध्ये घालून चाला, वाका, बसा, आणि मॅगझिन सुटत नाही याची खात्री करा. तेवढं करूनही अंगठा पुरत नसेल तर पिस्तूल फिरवायला हरकत नाही, फक्त कधी फिरवता ते महत्त्वाचं. हात लांब असतानाच, डावा हात सुटल्या सुटल्या, बटण दाबून मोकळे व्हा. जवळ आणून मग फिरवत बसलात तर मॅगवेल हलतं आणि पुढचा काठ पुन्हा आडवा येतो.

जुन्या सीझेड ७५ वाल्यांसाठी जाता जाता: तुमचं रिकामं मॅगझिन आपोआप पडत नसेल तर आतली मॅगझिन ब्रेकची पट्टी वाकलेली असते, मुद्दामच. शॅडोमध्ये ती सरळ असते, त्यामुळे मॅगझिन सुटून पडतं.

पाउचचे स्क्रू इतके घट्ट हवेत की भरलेलं मॅगझिन घेऊन जागच्या जागी उड्या मारल्या तरी ते हलू नये, आणि ओढताना पाउच पट्ट्यासकट वर येऊ नये. प्रॉडक्शनमध्ये सगळं सामान कंबरेच्या हाडामागे ठेवावं लागतं, त्यामुळे पहिला पाउच जितका पुढे नियमात बसेल तितका पुढे, आणि गोळ्यांची नाकं पुढच्या दिशेला.

---

रंकाळ्याचा_नेमबाज (मेलबर्न)

सगळ्यांचे आभार. २४० फ्रेमवर दहा रीलोड मोजले, ट्रिगर ते ट्रिगर. सरासरी अशी आली:

ट्रिगर ते डावा हात सुटणं: ६७ फ्रेम (०.२८)
सुटणं ते मॅगझिन बाहेर: १०१ (०.४२)
बाहेर ते मॅगवेलचं तोंड: ८२ (०.३४)
तोंड ते ट्रिगर: १६३ (०.६८)

एकूण १.७२. आपटलेले दोन रीलोड यात धरले नाहीत. ते २.५ च्या घरात होते.

वरच्या गोळीची चाचणी केली. पाचातली दोन मॅगझिन जवळजवळ हलतच नाहीत. डमी प्लास्टिकच्याच होत्या.

आता यावरून २० मिनिटं कशी वाटू?

---

दहा_अधिक_एक (ब्रिस्बेन)

बघा, पहिला आणि चौथा मिळून ०.९६. निम्म्याहून जास्त. मधल्या दोन भागांत तुम्ही ठीकच आहात.

पहिल्या भागातले ०.२८ म्हणजे हात वाट बघतोय. तो ०.१५ च्या आत आला पाहिजे. आणि आपटलेले रीलोड ‘धरले नाहीत’ असं करू नका, मॅचमध्ये ते धरले जातात. तीन रीलोड १.३ चे आणि चौथा २.५ चा, सरासरी १.६. त्यापेक्षा चारही १.५ चे बरे.

वाटणी अशी करा. पहिली दोन-तीन मिनिटं तपासणी, डमी भरणं, टार्गेट. मग बर्केट रीलोड, सात मिनिटं: ट्रिगर, बटण, मॅगझिन काढून त्याचं टोक मॅगवेलमध्ये एक पेरभर, आणि तिथेच थांबायचं. ठोकायचं नाही. थांबल्यावर बघायचं की मॅगझिनची पाठ मागच्या भिंतीला टेकली का, तर्जनी सरळ आहे का, ट्रिगरचं बोट बाहेर आहे का. पार टाइम ०.९ पासून. दहातून आठ फेऱ्या आत आल्या की ०.०५ ने खाली. सहाच्या खाली गेलात तर परत वर. ०.७ ला पोचलात की पुष्कळ झालं.

पुढची सात मिनिटं चौथा भाग, तोही सुटा. मॅगझिनचं टोक मॅगवेलमध्ये ठेवून उभे राहा. बीपला ठोका, पकड, साइट टार्गेटवर, ट्रिगर. पार ०.७, लक्ष्य ०.५. इथे गोम पकडीत आहे. घाईत डावा हात अर्धवट बसतो, ड्रायमध्ये ते कळत नाही आणि रेंजवर रीलोडनंतरची दुसरी गोळी चार्लीत (अल्फाच्या बाहेरच्या भागात) जाते. मायनरला (प्रॉडक्शनमध्ये लागू असलेल्या, कमी जोराच्या काडतुसांच्या गुणपद्धतीत) चार्लीचे ३ गुण, म्हणजे प्रत्येकी दोन गेले. वर दिलेल्या शॉर्ट कोर्सवर ५.५ सेकंद आले पण चार चार्ली लागले तर ५२ भागिले ५.५, हिट फॅक्टर ९.५. सहा सेकंदांत सगळे अल्फा मारणारा तुमच्या पुढे.

उरलेल्या वेळात पूर्ण रीलोड, दहा-बारा, त्याहून जास्त नाही.

पाच मॅगझिन संपली की वाकून गोळा करण्यात सरावाचा अर्धा वेळ जातो, म्हणून पलंगाशेजारी उभे राहून पिस्तूल पलंगाच्या वर येईल असं करा. जमिनीवर करायचं तर गोधडी किंवा जाड सतरंजी घालाच. भरलेलं मॅगझिन फरशीवर तोंडाकडून आपटलं तर फीड लिप्स (वरची गोळी धरणारे तोंडाचे काठ) वाकतात, आणि मग गोळी चेंबरमध्ये जाताना नाक खाली जाऊन अडते. ते डोळ्यांना दिसत नाही, मॅचमध्येच दिसतं.

---

आरओ_काका (पर्थ)

चालण्याच्या प्रश्नाला कोणी हात घातला नाही, म्हणून.

आयपीएससीच्या मिडियम आणि लाँग कोर्समध्ये एका जागेवरून किंवा एका दृश्यातून ९ पेक्षा जास्त स्कोअरिंग हिट मागता येत नाहीत. १० गोळ्यांच्या माणसासाठी याचा अर्थ सरळ आहे: नीट आखणी केली तर प्रत्येक रीलोड एका जागेहून दुसरीकडे जाताना बसवता येतो. आणि जाताना झालेला रीलोड फुकट असतो, पोचायच्या आधी पूर्ण झाला तर. तिथे १.३ आणि १.६ मध्ये घड्याळाला काही फरक दिसत नाही. फरक कशाने पडतो? पाय थांबण्याने.

पाय थांबतात कारण मेंदू दोन कामं एकामागून एक लावतो: आधी मॅगझिन, मग पळ. उलटं शिकवा. शेवटची गोळी सुटताना वजन आधीच पुढच्या दिशेच्या पायावर गेलेलं असावं. बटण आणि पहिलं पाऊल एकत्र. दुसऱ्या पावलाला मॅगझिन बसलेलं, तिसऱ्याला दोन्ही हात पकडीत. घरी तीन-चार मीटर जागा पुरते. आधी रिकाम्या हाताने चाला आणि पावलं मोजा, मग टायमर न लावता पिस्तुलासह, मग टायमर. वाटेत आपटलं तर पाय चालू ठेवायचे, हात जागेवर पोचेपर्यंत काय ते बघून घेतील.

शेवटची गोळी मारताना स्लाइड मागे अडकली, म्हणजे मोजणी चुकली. तो रीलोड लांबतोच, कारण स्लाइड सोडण्याचं एक काम वाढतं. जोरात ठोकल्यावर स्लाइड आपोआप पुढे जाते कधी कधी, तिच्यावर भरवसा ठेवू नका. महिन्यातून दोनदा स्लाइड अडकवूनही सराव करावा, पण तुमच्या २० मिनिटांत त्याला रोज जागा देऊ नका.

---

पक्का_पुणेकर (पुणे)

वाचून मजा आली. इथे ९ मिमी प्रतिबंधित बोअर, सामान्य परवान्यावर मिळत नाही, त्यामुळे आमच्यासाठी हे सगळं दुरूनच. आणि २५ मीटर पिस्तूल, म्हणजे राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये सुवर्ण जिंकलं तो प्रकार, त्यात पाच-पाच गोळ्यांच्या मालिका असतात आणि भरायला ‘लोड’च्या आदेशानंतर एक मिनिट मिळतं. त्यामुळे बालेवाडीत कोणाला मॅगझिन घाईने बदलताना बघणार नाही. इथून तिकडे जाऊन आयपीएससी सुरू करणाऱ्यांचा नेम पक्का असतो आणि रीलोड शून्यापासून, ते यामुळेच.

---

टेक्सासचा_तात्या (डॅलस)

रंकाळ्याचे, एक छोटी सूचना. तुमच्याकडे कोणी आयडीपीएही (स्वसंरक्षणाच्या धर्तीचा दुसरा नेमबाजी खेळ) खेळत असेल तर त्यांचं ऐकून सवय बिघडवू नका. तिथे गोळ्या शिल्लक असलेलं मॅगझिन जमिनीवर टाकलं की दंड, म्हणून ते खिशात ठेवायला शिकतात. आयपीएससीत टाका आणि पुढे व्हा. दोन्ही खेळत असाल तर ड्राय सराव वेगळ्या दिवशी.

---

रंकाळ्याचा_नेमबाज (मेलबर्न)

बटण मधल्या जागेवर लावलं, आता फिरवावं लागतं पण थोडंच. घट्ट असलेल्या दोन मॅगझिनचं काय करू? स्प्रिंगचा एक वेढा कापतात असं वाचलं.

---

शिवणयंत्र (ऑकलंड)

कापू नका. वेढा कापला की शेवटच्या दोन-तीन गोळ्यांना वर ढकलायला जोर उरत नाही आणि स्लाइड पुढे जाते तेव्हा गोळी वेळेत वर आलेली नसते. आधी ती दोन्ही पूर्ण उघडून आतलं पुसून काढा. रेतीच्या रेंजवर टाकलेल्या मॅगझिनमध्ये फॉलोअरच्या (गोळ्या वर ढकलणाऱ्या तुकड्याच्या) कडेला वाळू अडकते आणि स्प्रिंग घट्ट वाटते. तेल घालू नका, वाळू चिकटते. कोरडं फडकं आणि मॅगझिनचा ब्रश पुरे. स्प्रिंग परत घालताना तिचं वरचं टोक फॉलोअरखाली कुठल्या बाजूला होतं ते काढण्याआधीच फोनवर टिपून ठेवा, उलटी बसली तरी मॅगझिन घट्ट होतं.

तरीही हलत नसेल तर त्यात ९ भरा आणि ते सुरुवातीच्या लोडिंगला वापरा. नऊ भरून स्लाइड ओढली की एक चेंबरमध्ये जाते आणि आत ८ उरतात. मग मॅगझिन काढून वर दोन घाला आणि सावकाश, दोन्ही हातांनी बसवा. तळाच्या पट्टीवर रंगाने नंबर घाला, सगळ्याच मॅगझिनवर, म्हणजे कुठलं त्रास देतंय ते मॅचनंतर लक्षात राहील.